डाव्या हाताची चार बोटं

निजामाच्या अंमलदारांची एकेक लबाडी मी माझ्या पत्रकांतून चव्हाट्यावर आणली. स्वतःची एक मात्र आजवर झाकून ठेवली— कुणालाच, अगदी आईलाही सांगितली नाही. ती आता सांगतो.

रामजी सीना नदी ओलांडून इंग्रजी मुलखातून आमच्या धारूरला आला होता. सरकारी जंगलात सत्याग्रह करून गवत कापलं, म्हणून तिकडं त्याच्यावर वॉरंट. इकडं निजाम सरकारचा हुकूम असा, की पलीकडचा फरारी दिसला की बांधून परत द्यायचा. तो का पळाला, परत गेल्यावर त्याचं काय होईल— कोण विचारणार? हा हुकूम माणुसकीला काळिमा फासणारा आहे, असं मी तेव्हा म्हणत होतो, आजही म्हणतो. म्हादू धनगर असलं काही म्हणाला नाही. त्यानं रामजीला आपल्या मेंढवाड्यात ठेवून घेतलं आणि भाकरी दिली.

मी काय केलं? पत्रक लिहिलं. आश्रय हा माणसाचा हक्क आहे— भाषा अशी पेटलेली, की माझाच ऊर भरून आला. रामजीचं नाव घातलं नाही, तेवढी अक्कल होती. पण वाचणाऱ्यापुढं माणूस उभा राहायला हवा ना? म्हणून लिहिलं— 'डाव्या हाताला चारच बोटं उरलेला एक सत्याग्रही धारूरच्या किल्ल्याखाली मेंढरांत निजतो.'

निजामी राज्यात असलं काही छापता येत नसे. आम्ही सगळी पत्रकं पलीकडं, इंग्रजांच्या नगरला छापून आणायचो आणि इकडच्या पोलिसांपासून लपवायचो. तिकडच्या पोलिसांचा विचार कधी मनात आलाच नाही. आणि वॉरंट तर तिकडचंच होतं, चार बोटांच्या खुणेसकट!

आठ दिवसांत दोन्ही सरकारांचे शिपाई थेट मेंढवाड्यावर आले. रामजीला नदीपार घेऊन गेले.

पारावर लोक म्हादूवर तुटून पडले. "कावून रं म्हादू, इनामासाठी इकलास व्हय पाहुणा?"

"बिरोबाची आण, म्या न्हाई," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "भाऊ, तुमी लिवनारं मानूस. तुमीच सांगा ह्यास्नी."

पत्रकाची घडी माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "मला काय ठाऊक?"

त्या दिवसापासून म्हादूपुढं कुणी चिलीम केली नाही. महिनाभरात तो मेंढरं घेऊन वडवणीकडं गेला, तो परतला नाही. मी घाबरलो होतो का? होय— तुरुंगाला नव्हे, पारावरच्या त्या माणसांच्या नजरेतून उतरायला.

पत्रकाखाली 'एक निर्भय देशबंधू' असं छापलं होतं. तो मी.