चौदावा फर्मा

“काका, पाण्याच्या बाटल्या त्या टेबलावर ठेवा अन् मागच्या दारानं जा. कार्यक्रम सुरू झालाय.”

माझ्या हातात बाटल्या नव्हत्या. कापडी पिशवी होती. अंगात इस्त्रीचा सदरा होता. दाढी करून आलो होतो.

बोलणाऱ्या बाई वाचनालयाच्या ग्रंथपाल. नव्या आहेत, माझ्या लेकीच्या वयाच्या. मी म्हणलं, “मी ऐकायला आलोय.”

त्यांनी मला चपलेपासून टोपीपर्यंत बघितलं. “मग मागं उभे राहा. खुर्च्या सभासदांच्या आहेत.”

अकरा खुर्च्या रिकाम्या होत्या. मी मोजल्या. मोजायची सवय माझ्या धंद्यानं लावली.

मी बाइंडर. शाळा चौथीपर्यंत. वाचता येतं, पण ओळीवर बोट ठेवावं लागतं. उस्मानपुऱ्यातल्या या वाचनालयाची फाटकी पुस्तकं मी एकतीस वर्षं बांधली. घरी गठ्ठा न्यायचा, जुने टाके उसवायचे, पानं सुटी करायची, कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून चिकटवायची खळ शिजवायची, नवे टाके मारायचे, पुठ्ठा चढवायचा, अन् गठ्ठा परत आणून द्यायचा. या भिंतींवरची निम्मी पुस्तकं माझ्या हातची आहेत. कुठल्या पुस्तकाच्या पाठीला कुठल्या रंगाचं कापड लावलं, ते आजही सांगीन.

त्या खोलीत मला एकही माणूस ओळखत नव्हता. एक सोडून. ते पहिल्या खुर्चीवर बसले होते. भाऊसाहेब. मी पुस्तकं बांधायचो तेव्हाचे कार्यवाह. आता मान हलते, काठी लागते. त्यांनी मला बघितलं अन् बघितलं नाही असं केलं.

मी का गेलो होतो ते सांगतो.

माझी बायको वच्छला. पाच महिने झाले तिला जाऊन. ती सातवी शिकलेली. लग्नात मला मित्र म्हणायचे, लेका, बायको तुझ्या तीन इयत्ता पुढं आहे, जपून राहा. पुस्तकं घरी आली की मी ती उसवायचो. सोळा पानांचा एक फर्मा असतो. असे सुटे फर्मे सतरंजीवर पसरलेले असायचे. मी शिवायचो, ती एकेक फर्मा उचलून मोठ्यानं वाचायची. वाचून झाला की माझ्या हातात द्यायची, मग मी तो टाक्यात घ्यायचो. आमच्या घरात पुस्तक असंच वाचलं जायचं. ती वाचील तसं मी शिवणार. एखाद्या ठिकाणी तिला थांबावं वाटलं की माझी सुई पण थांबायची.

मी चिडायचो. “आगं दे की. उद्या द्यायचंय पुस्तक.”

ती म्हणायची, “आवं, थांबा जरा. या बाईला नवऱ्यानं काय म्हणलं ते तरी ऐका. उद्या तुमीबी तेच म्हणाल.”

त्यात एक जुनी कादंबरी आली. नाव लिहीत नाही. दोन भावांच्या घराची गोष्ट. बाप मरतो, भाऊ भांडतात, घर फुटायला येतं. थोरली सून आधी तोंडाची तिखट असते. शेवटी गप्प होते, सगळ्यांना सांभाळून घेते, अन् घर वाचतं. वच्छलानं ती शेवटापर्यंत वाचली. मी म्हणलं, “सुधारली बघ बाई.”

वच्छला म्हणाली, “सुधारली नाय. दमली.”

“आता हे कुठं लिहिलंय?”

“चौदाव्या फर्म्यात. तुमी तवा खळ ढवळत होता.”

त्या फर्म्यात ती सून बोलते. सगळ्या घरासमोर उभी राहून बोलते. सोळा पानं. कुणीच तिला उत्तर देत नाही. नंतर ती बोलायचं सोडते. वच्छला तेवढा फर्मा बाजूला ठेवून परत परत वाचायची.

त्याच आठवड्यातला रविवार. दोन गठ्ठे द्यायचे होते, म्हणून वच्छला सोबत आली. एक तिच्या डोक्यावर, एक माझ्या. मी आत पुस्तकं मोजून देत होतो. खिडकीजवळ बायकांसाठी दोन खुर्च्या असायच्या. ती एका खुर्चीवर टेकली अन् टेबलावरचं मासिक उघडलं. बस, एवढंच केलं तिनं.

भाऊसाहेब आले. तिच्याशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलले. “अरे, ही तुझी ना? तिला सांग, पुस्तकं तुमच्या घरी शिवायला पाठवतो. वाचायला नाही. तुमच्या वस्तीतल्या बायका इथं बसायला लागल्या तर घरंदाज बायका येतील का?”

मासिक वाचणारे चारपाच जण वर बघायला लागले.

आम्ही वस्तीत विहार बांधला तेव्हा मी विटा वाहिल्या होत्या. चौदा एप्रिलला मिरवणुकीत क्रांती चौकापर्यंत छाती काढून चालायचो. घोषणा द्यायचो, घसा बसेपर्यंत. त्या दिवशी घसा कुठं गेला? मी वच्छलाकडं बघितलं अन् म्हणलं, “ऊठ.”

भाऊसाहेबांनी तिला उठवलं नाही. मी उठवलं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आज लिहितो.

 घरी आल्यावर वच्छला म्हणाली, “तुमी मला ऊठ म्हणला.”

मी म्हणलं, “काम सुटलं असतं म्हंजे? लेकरं काय खातील?”

“तुमी त्यास्नी एक शब्द बोलला नाय.”

“तू तिथं बसलीच कशाला? आता तिकडं यायचं नाय. अन् पुस्तकाला हात लावायचा नाय. शिवायचं तेवढं शिवू.”

असं बोललो. रागानं ती कादंबरी पुढ्यात ओढली अन् दणादण टाके मारले. बाइंडर टाके मारायच्या आधी फर्मे मोजतो. लहान पोरगं पण हे शिकतं पहिल्या दिवशी. मी मोजले नाहीत. चौदावा फर्मा वच्छलाच्या मांडीवर होता. तिनं दिला नाही, अन् मी मागितला नाही. पुठ्ठा चढवला, पुस्तक देऊन टाकलं.

नंतर तिनं कधी मोठ्यानं वाचलं नाही. भांडली पण नाही. सासू तिचं कौतुक करायची. मी पण पाहुण्यांना सांगायचो, आमची वच्छला लई शांत झाली हो, आधी लई चिडकी होती.

ती गेल्यावर लेकीनं तिची पेटी उघडली. तळाला तिच्या लग्नातल्या लुगड्याचा तुकडा, त्यात सोळा पानं. कडा मऊ पडलेल्या, कापडासारख्या. म्हणजे ती वाचत होती. मी घरी नसताना. तीसेक वर्षं. मला कळलं नाही.

मग एक दिवस वाचनालयाच्या बाहेर फलक दिसला. जुन्या अभिजात कादंबऱ्यांमधली माणसं, त्यांची वाढ, घरातले झगडे, यावर व्याख्यान अन् चर्चा. खाली त्याच कादंबरीच्या मुखपृष्ठाचं चित्र. मी पानं पिशवीत घातली अन् गेलो. पानं परत द्यावी, चूक कबूल करावी, एवढंच मनात होतं.

व्याख्यान देणारे प्राध्यापक होते. चांगला आवाज, चांगला चष्मा. हातात वाचनालयाचीच प्रत, पाठीला तपकिरी कापड. माझं कापड. ते म्हणाले, ही कादंबरी आता कुठं मिळत नाही, ही एकच प्रत हाताला लागली. मग म्हणाले, “थोरल्या सुनेचा विकास पाहा. सासऱ्याच्या मृत्यूनंतर ती एक अक्षर बोलत नाही. कोणत्याही संघर्षाशिवाय ती मौन स्वीकारते. हे मौन म्हणजे तिची परिपक्वता. लेखकाची ही थोर जागा आहे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांनी काठी आपटली. “वा!”

 हा माणूस माझ्या चुकीवर बोलत होता. माझ्या न मोजलेल्या फर्म्यावर. अन् लोक त्याला टाळ्या देत होते. मग मला दुसरं दिसलं. त्याच्या तोंडात माझेच शब्द होते. लई शांत झाली हो.

मी हात वर केला. कुणी बघितलं नाही. मी तसाच बोललो. “सर, ती बोलते.”

सगळे वळले. प्राध्यापक हसून म्हणाले, “काका, तुम्ही वाचलीय का कादंबरी?”

“आख्खी नाय. बायकोनं वाचली. मी ऐकली.”

हशा झाला. मागून एक जण म्हणाला, “बायकोचं ऐकणारा नवरा सापडला एकदाचा!” परत हशा.

“मग वहिनींनाच आणायचं होतं की,” प्राध्यापक म्हणाले.

“वारली.”

“अरेरे. बसा काका, बसा.”

बसा म्हणाले. कुठं, ते सांगितलं नाही.

मी म्हणलं, “पुस्तक तुमच्या हातात आहे. दोनशे आठच्या पुढचं पान कितवं आहे, तेवढं वाचून दाखवा.”

त्यांनी उघडलं. बघितलं. वाचून दाखवलं नाही. ग्रंथपाल बाई त्यांच्या खांद्यावरून वाकल्या अन् बाईंच्याच तोंडून निघून गेलं, “दोनशे पंचवीस.”

हशा थांबला. मी पिशवीतून पानं काढली. “मधली सोळा ही. हे पुस्तक मी बांधलं. चूक माझी. यात ती बोलते. सोळा पानं बोलते.”

आता भाऊसाहेबांना मी दिसलो. काठी टेकून उठले. “म्हणजे चोरीच की ही! इतकी वर्षं वाचनालयाची पानं घरात दाबून ठेवली. हे लोक असेच. बाई, घ्या ती त्याच्याकडनं अन् बाहेर काढा त्याला.”

प्राध्यापक मऊ आवाजात म्हणाले, “द्या काका. आम्ही बघून घेतो काय आहे ते.”

बाईंनी हात पुढं केला. पानं माझ्या हातात. आधीचा मी असतो तर दिली असती. वर माफी मागितली असती.

मी म्हणलं, “नाय देणार.”

“अहो, ती वाचनालयाची आहेत,” बाई म्हणाल्या.

“व्हय, वाचनालयाचीच. इथंच शिवणार, मीच शिवणार. पण आधी वाचणार. मोठ्यानं. या खोलीत.” मग भाऊसाहेबांकडं वळलो. “चोरी म्हणता? पुस्तकाच्या मागं तारखांचे शिक्के बघा. किती जणांनी घरी नेलं. एकानं तरी येऊन सांगितलं का, पानं नाहीत म्हणून? पानं गेलेली तुम्हाला आज कळली. तेही मी सांगितलं म्हणून. माझ्या बायकोला तुम्ही म्हणला होता, वाचायला नाही. तिनं वाचलं. तुम्ही काय केलं?”

ते म्हणाले, “कोण तुझी बायको?”

आठवत नव्हतं त्यांना. खोटं बोलत नव्हते. खरंच आठवत नव्हतं.

खिडकीजवळ अजून खुर्ची असते. आता प्लास्टिकची. मी जाऊन बसलो. सभासदांची असेल तर असू दे. पानं मांडीवर ठेवली, बोट ठेवलं, वाचायला लागलो. अक्षर अक्षर जुळवत. एक शब्द दोनदा चुकला. कुणीतरी “काय तमाशा आहे” म्हणून उठून गेलं. प्राध्यापक घड्याळ बघून गेले. भाऊसाहेब जाताना म्हणाले, “पंखा बंद करा, बघू किती वेळ बसतो.” पंखा बंद झाला. घाम पानावर पडू नये म्हणून मी टोपी काढून कपाळ पुसलं अन् वाचत राहिलो. बाई दाराशी कुलूप घेऊन उभ्या होत्या. ऐकत होत्या का वाट बघत होत्या, मला माहीत नाही. विचारलं पण नाही.

वाचनालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत दीड पान झालं.

वच्छलासाठी करतो असं म्हणणार नाही. तिला उठवलं तेव्हा ती जिवंत होती, तेव्हा करायचं होतं. ते माझ्याकडून फिटणार नाही, अन् मला फेडून सुटायचं पण नाही.

साडेचौदा पानं राहिलीत. येत्या रविवारी जाणार. त्याच्या पुढच्या पण. कुलूप असलं तर पायरीवर बसून वाचीन, रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. शेवटची ओळ वाचून झाली की सुई काढीन, फर्मे मोजीन अन् चौदावा त्याच्या जागी शिवीन. तोवर ते पुस्तक अर्धवट आहे. जो कोणी ते हातात घेईल त्याला मी तसं तोंडावर सांगणार. अन् मला त्या खुर्चीवरून ऊठ म्हणायला जो येईल, त्यानं मला उचलायच्या तयारीनंच यावं.