अकरा सह्या

गणिताच्या बाईंची जीभ तिखट, पण हात कधी उगारला नाही. "डोकं घरी खुंटीला टांगून आलात का?" म्हणायच्या आणि तेच उदाहरण चौथ्यांदा फळ्यावर मांडायच्या. अशी बावीस वर्षं गेली.

मग एका वर्षी शालान्त परीक्षेत शाळेचा गणिताचा निकाल एकेचाळीस टक्के लागला. पुढच्या खेपेला पन्नासच्या खाली आला तर वरचे वर्ग बंद, असं खात्याचं पत्र आलं. सराव परीक्षा झाल्यावर मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं.

"कोण कोण गटांगळ्या खातंय?"

"अकरा जण."

"त्यांना यंदा बसवायचं नाही. स्वखुशीने पुढच्या वर्षी बसणार, अशी पालकांची सही आणा."

"पुढच्या वर्षी कुणी परत येत नाही, सर."

"मग त्यांच्यापायी बाकीच्यांची शाळा घालवू?"

बाई सह्यांसाठी घरोघर निघाल्या.

दहा घरांतून मुकाट सह्या मिळाल्या. एका आईने तर, पोरामुळे शाळेला खाली बघायला लागतंय म्हणून वर माफी मागितली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकरावी होती गोगलगाय. सगळं सावकाश करते म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. बाप एका इमारतीचा रखवालदार, राहायला जिन्याखालची खोली. बाई गेल्या तेव्हा मुलगी वही घेऊनच बसली होती.

"बाई, मला वर्गसमीकरण जमतं आता. घालून बघा."

बाईंनी एक घातलं. तिने पंचवीस मिनिटं घेतली, दोनदा खोडलं, पण उत्तर बरोबर आणलं. परीक्षेत तेवढ्या वेळात पाच सोडवावी लागतात.

"आम्हाला यातलं काय कळतंय," बाप म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

बाईंनी पेन पुढे केलं.

निकाल चौऱ्याण्णव टक्के लागला. मुख्याध्यापकांनी बाईंना मंचावर बोलावून कौतुक केलं.

परीक्षेचे नवे फॉर्म आले तशा बाई त्या अकरा जणांना शोधत निघाल्या. तिघांनी गाव सोडलं होतं. गोगलगाय भेटली दवाखान्याच्या धुलाईघरात, वाफेत चादरींना इस्त्री करताना. मनगटावर भाजल्याचे डाग होते.

"फॉर्म आणलाय तुझा," बाई म्हणाल्या.

तिने हात पुसले, पण कागद घेतला नाही.

"त्या दिवशी माझं उत्तर बरोबर होतं ना?"

"होतं."

"मग सही का घेतलीत?"

"घाबरले होते गं मी."

मुलीने मान हलवली. मागून मुकादमाने हाक मारली, तशी ती वळली आणि पुढची चादर पसरू लागली.

मुख्याध्यापकांनी पुन्हा यादी मागितली तेव्हा बाई म्हणाल्या, "यादी नाही. सगळे बसतील." पंधरा दिवसांत त्यांना पाचवीच्या वर्गावर धाडलं. नव्या सरांनी नऊ सह्या आणल्या. निकाल शहाण्णव टक्के लागला आणि फाटकावर मोठ्या अक्षरांत फलक चढला.

अकरांतला एकच मुलगा बाहेरून परीक्षेला बसला. बाई त्याला रविवारी घरी शिकवायच्या. तो चार गुणांनी नापास झाला. शाळेच्या टक्क्यांत त्याला कुणी धरलं नव्हतं.