वाढत्या मापाचं धनुष्य

बाण छतात घुसला. समोरच्या टार्गेटात नाही, शेजारच्याच्या टार्गेटातही नाही, वर छतात, ट्यूबलाइटच्या वीतभर अलीकडे, आणि तिथंच थरथरत राहिला. मी किंचाळले का ते मला आठवत नाही, नवरा म्हणतो किंचाळलीस. उजव्या खांद्यातून कळ निघाली ती थेट कानापर्यंत गेली, आणि डोक्यात एकच, पोरगी कुठंय, माझी पोरगी कुठंय. पोरगी मागे काचेपलीकडे बाबाच्या कडेवर बसून टाळ्या पिटत होती. "आई, अगेन! अगेन!"

नेमबाजीच्या रेंजवरच्या सगळ्यांनी आपापली धनुष्यं खाली केली. मी माझं जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही हात वर करून उभी राहिले, कारण इथं परदेशात काहीही झालं की मला वाटतं आता पोलीस येणार.

"हात खाली घे गं," शेजारचे काका म्हणाले. "कुणी मेलं नाही. छताची शिकार झाली फक्त."

हे काका म्हणजे ट्रॉय गावात आमच्या दोन घरं पलीकडे राहणारे, गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले. तीस वर्षं धनुष्य घेऊन हरणाच्या शिकारीला जातात. काकू कडक शाकाहारी, म्हणून काकांची शेगडी गॅरेजमध्ये, कढईपण गॅरेजमध्ये, आणि सीझनमध्ये कधीकधी जेवायची खुर्चीपण गॅरेजमध्ये. मागच्या वर्षी हरणांनी माझी सगळी मेथी खाल्ली, मी दाराच्या काचेआडून रडत बघत होते, हाकलायला बाहेर जायची हिंमत नाही. काका म्हणाले, "रडतेस काय, शिकारीला चल." ते गंमतीनं म्हणाले, मी म्हटलं येते. तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले.

मी का हो म्हटलं ते सांगते. मी दहावी नापास, इंग्लिश तोडकंमोडकं. इथं माझे फोन नवरा लावतो, फॉर्म नवरा भरतो, डॉक्टरशी नवरा बोलतो. मला एक तरी गोष्ट पाहिजे होती जी माझी मी केली. शिकारीच्या लायसनचा कोर्स मी महिनाभर डिक्शनरी घेऊन केला आणि पास झाले, आयुष्यात त्याआधी पास झालेली शेवटची परीक्षा नववीची होती, तर मी किचनमध्ये नाचले. राहिली काकांची अट. ऑक्टोबरात सीझन उघडला की ते मला बरोबर नेणार, पण आधी त्यांच्यासमोर खुर्चीत बसायचं, दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे, धनुष्य सरळ धरून सावकाश ओढायचं, तीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं आणि बाण न मारता तसंच सावकाश परत सोडायचं. जमलं तर चल, नाही तर घरी बस. "अर्धवट बाण लागलेलं जनावर जंगलात पळतं ना, ते मला बघवत नाही," ते म्हणाले.

आणि आम्ही काय केलं, तर धनुष्य आणतानाच चुकलो. दुकानदारानं माझ्या हातात चाळीस पाउंडाचं दिलं होतं, म्हणजे दोरी मागे ओढायला तेवढा जोर लागतो. छान ओढलं गेलं. आता छान ओढलं गेलं तर घ्यावं की नाही? पण आमच्या दोघांच्याही घरी नेमक्या मापाचं कधी कुणी काही घेतलंच नाही. शाळेचा स्कर्ट चार बोटं दुमडून शिवलेला, चपलेत पुढं कापूस कोंबलेला, लग्नातल्या ब्लाउजला आत इतकं कापड की अजून एक ब्लाउज निघेल. पोरीचे बर्फातले बूटपण दोन हिवाळे पुरतील असे. तर आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघं एकदमच म्हणालो, "जरा वाढत्या मापाचं घेऊ."

दुकानदार नको नको म्हणत होता. नवरा त्याला इंग्लिशमध्ये म्हणाला, ती वाढेल. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मी सव्वीस वर्षांची. मग पन्नासला सुरू होऊन स्क्रू पिळत साठपर्यंत जाणारं घेतलं आणि घरी येईपर्यंत आम्ही इतके खूश, जणू दुकानदाराला फसवलं.

पंधरा दिवस मी ते आभाळाकडे रोखून, दात खाऊन, कंबर मोडून ओढत होते आणि काकांना सांगत होते, मस्त चाललंय. खांदा दुखायचा, पोरीला डाव्या कडेवर घ्यायला लागले होते, पण बोलले नाही. मग तो दिवस, हात लटलट कापायला लागला, दोरी मागेही जाईना, पुढेही सोडता येईना, मनगटाच्या पट्ट्यावरचं, दोरी सोडायचं बटण चुकून दाबलं गेलं, आणि बाण छतात.

"किती पाउंडाचं आहे?" काकांनी विचारलं.

"पन्नास."

"कुणी सांगितलं होतं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा काचेचं दार ढकलून आत आला. "काका, ते आम्ही वाढत्या मापाचं घेतलं."

काका बाकावर बसलेच. हसून हसून डोळे पुसायला लागले. "अरे, ती काय आता उंच होणारे? यार, तुम्ही दोघं म्हणजे!" मग म्हणाले, "मी पहिलं सत्तरचं घेतलं होतं. मित्रांना दाखवायला. दोन वर्षांनी खांद्याचं ऑपरेशन."

दुकानदारानं धनुष्याचे वाकणारे वरचे-खालचे पट्टे बदलून हलके घातले आणि मिशीत हसला. काकांनी बत्तीसवर सुरू केलं. मला लाज वाटली, बत्तीस म्हणजे पोरांचं. काका म्हणाले, "एकदा ओढता येतं ते तुझं माप नाही. थंडीत, जाड जाकिटात, बसून, न हलता ओढता येतं आणि ओढलेलं परत सोडता येतं, ते तुझं." दर आठवड्याला दोन्ही स्क्रू सारखेच थोडे पिळायचे, एक पाउंड वाढवायचा. खांदा दुखायचा थांबला, पोरगी परत उजव्या कडेवर आली. एकेचाळीसला हात शांत, बेचाळीसला मनगट थरथरलं. परत एकेचाळीसवर आले. एका पाउंडानं इतका फरक पडतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

काकांच्या गॅरेजमध्ये परीक्षा झाली. मी खुर्चीत, पाय हवेत, दोरी गालाला टेकलेली. मोजायचं काम पोरीनं मागून घेतलं. वन, टू, थ्री करत ट्वेंटीपर्यंत आली आणि परत इलेव्हनवर गेली. दोनदा! मी तशीच बसून, नवऱ्याला हसू आवरेना, काकू दारातून ओरडल्या, "अगं सोड की आता, पोर सकाळपर्यंत मोजेल!" मी सावकाश सोडलं. काका म्हणाले, "शनिवारी पहाटे तयार राहा."

काकांच्या मित्राच्या शेतावर कापडी तंबूत आम्ही बसलो. थंडी अशी की नाक आहे का नाही कळेना. मला प्रत्येक पानाची भीती वाटत होती. उजाडलं आणि मका कापलेल्या रानातून एक शिंगवाला नर चालत आला, इतका जवळ की त्याच्या तोंडातली वाफ दिसत होती. मी ओढलं. कसलाच आवाज नाही, त्याला कळलंच नाही. छाती धडधडत होती पण हात, देवाशप्पथ, हात दगडासारखा. फक्त तो माझ्याकडे तोंड करून उभा, आणि काकांनी शिकवलेलं, आडवा उभा राहिला तरच बाण सोडायचा. तो वळला, पण पुरता नाही, अर्धाच. मी धरून ठेवलं. काका कानाशी म्हणाले, "तू ठरव."

ठरव म्हणाले, मला. मी अजून थोडं थांबले, आणि दोरी हळूहळू पुढे सोडली, बाण तसाच धनुष्यावर ठेवून. तो रमतगमत झाडीत गेला. मला रडू आलं आणि हसू आलं, आणि काकांनी थर्मासमधला पहिला चहा मला दिला, स्वतःच्या आधी.

घरी नवरा आलं-लसूण वाटून वाट बघत. "कुठंय?"

"गेलं."

"गेलं म्हणजे? दिसलं होतं ना? जवळ होतं ना? थोडं तिरकं असेल तर काय झालं, मारायचा!"

मी पोरीला उचललं आणि त्याला म्हटलं, मसाला फ्रीजमध्ये ठेव, सीझन अजून आहे. पण तो रोज विचारतो, आणि काकू म्हणतात बरं केलंस, आणि काका काहीच म्हणत नाहीत. म्हणून तुम्हालाच विचारते. वीस पावलांवर तो अर्धा वळून उभा आहे, तुमचा हात कापत नाहीये, आणि कुणी तुम्हाला काय करायचं ते सांगत नाहीये. तुम्ही काय केलं असतं?