'गणपती' कचऱ्यात टाकायचा नियम

मेलवरच्या जाहिरातींनी मला वैताग आणला होता. आषाढ लागतो न लागतो तोच 'गणपती स्पेशल' सोफे, 'गणपती स्पेशल' फ्लॅट, अगदी 'गणपती स्पेशल' दातांची तपासणीसुद्धा. एकाला ब्लॉक केलं की दुसरा हजर. शेवटी मी फिल्टरमध्ये नियमच घातला: ज्या मेलमध्ये 'गणपती' असेल, तो थेट कचऱ्यात. कांदिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत पुढचा आठवडाभर मी मोठा शहाणा म्हणून वावरलो.

त्या वर्षी गावच्या गणपतीची पाळी आमची होती. भावकीत पाच घरं, म्हणजे पाच वर्षांनी एकदा. आई ब्याऐंशीची. पुढची पाळी आपल्याला मिळेल असं तिला वाटत नव्हतं आणि ती तसं बोलूनही दाखवायची. पण आपण होऊन विचारायचं नाही, थोरल्या घरातून विचारणा यायला हवी, अशी आमच्याकडची रीत. थोरल्या घरचा चुलतभाऊ पूर्वी पत्र टाकायचा, आता मेल करतो. फोनवरचं बोलणं उद्या कोणी नाकारलं तर, म्हणून सगळं लेखी.

"पत्र इला काय रे?" आई रोज विचारायची. मेललाही ती पत्रच म्हणते.

नव्हतं आलं. मला काही कळेना. मे महिन्यातल्या लग्नात मी काही बोललो होतो का? पंगतीला उशीर झाला म्हणालो होतो खरा, पण हसत. की विहिरीच्या पंपावरून काही बिनसलं होतं? मला चुलतभावाचा राग येऊ लागला, आणि तो नक्की कशाचा, तेही सांगता येईना. श्रावण लागला. आईने समई, निरांजन घासून पिशवीत भरून ठेवलं.

शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, ट्रॅशमध्ये बघितलंस का?"

तिथलं जुनं आपोआप पुसलं जातं. एकच मेल उरला होता. "दोनदा लिहिलं, उत्तर नाही. तुम्हाला जमत नसावं असं धरून गणपतीची पाळी पुढच्या घराला दिली. त्यांनी मूर्तीही सांगितली. काकीला नमस्कार."

मी आईला वाचून दाखवलं.

"तू नाय म्हटलंस?"

"मी नाही गं. फिल्टरने अडवलं."

"मगे तो कोणी बसवल्यान?"

तिने पिशवीतून समई काढली आणि परत माळ्यावर ठेवायला माझ्या हातात दिली.