मामाजींनी बिघडवलेली हळद

आख्ख्या वर्धा जिल्ह्यात ओलाव्याचा माझ्या मामेसासऱ्यांइतका कट्टर वैरी दुसरा सापडणार नाही. हिंगणघाटच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर वाळवणीची यंत्रं सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर आम्हाला सांभाळायला घेतलं. घरात शिरले की पाणी पिण्याआधी दोरीवरचे टॉवेल चाचपतात. शर्टावर शर्ट वाळत घातलेला दिसला, की माझी शाळा सुरू. "जवाईबापू, कपडे नुसत्या उन्हानं नाई वाळत. ऊन पाण्याले उठवते, पण त्याले घराबाहेर काढते हवा!" तव्यावरची पोळी म्हणजे वहन, कूलरचा झोत म्हणजे अभिसरण आणि मे महिन्यातलं ऊन म्हणजे प्रारण, हे माझ्या मुलीला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. एकदा मेहुणीसाठी सोयरीक बघायला गेलो, तर हे मुलाशी बोलायचं सोडून गच्चीवर त्या लोकांच्या कुरडया उलट्या करत बसले. सोयरीक जमली, हे नशीब.

घाईचं मात्र त्यांना भारी वावडं. "आंच एकदम वाढवली का वरचं कातडं कडक होते, अन् पाणी आतच कोंडते," हे मी शंभरदा तरी ऐकलं असेल.

यंदा अल्लीपूरला मामींच्या बचतगटाची हळद मामाजींच्याच देखरेखीखाली यंत्रात वाळत होती. चकत्या जाळीच्या ताटांवर पसरायच्या, खालून गरम हवा सोडायची आणि धीर धरायचा. गटाची ही पहिलीच मोठी ऑर्डर, त्यामुळे सगळ्या बायकांचा जीव त्या ताटांत अडकलेला. नेमकं तेव्हाच मामींना सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. मामाजींनी दुपारीच सगळी हळद उतरवून पोत्यांत भरली आणि संध्याकाळी ते मामींच्या खाटेशी हजर झाले.

ऑपरेशन नीट झालं. मामी घरी आल्यावर पोती उघडली, तर चकत्या वरून टणटणीत आणि आतून ओल्या, बुरशी धरलेल्या. ऑर्डर गेली. बायकांना वाटलं यंत्र बिघडलं, पण मामाजी खाली मान घालून म्हणाले, "यंत्राचं काई नाई. मीच आंच वाढवली."

मामींनी एक चकती मोडून पाहिली. "जन्मभर लोकायले शिकवून राह्यले, अन् सोताच काऊन असं केलं?"

"तू तिथं एकटी होती ना," मामाजी म्हणाले.

मामींनी पदर डोळ्यांना लावला. मग एकेक बाई उठून पोती आवरायला लागली, रागावलं कुणीच नाही. मला त्या हळदीचं अजून वाईट वाटतं. पण बायकोसाठी आपण कधी इतकं काही बिघडवल्याचं मला आठवत नाही, त्याचं जास्त वाटतं.