शेळीनं नाकारलेली कुंडी

शेळीचं मत विचारात घ्यायला तुम्हाला कमीपणा वाटेल का? मला वाटला होता, आणि त्याची शिक्षा आमच्या कुत्र्यानं भोगली.

भालकीतल्या आमच्या वाचनालयात पाहुण्यांना हार घालायची पद्धत मी बंद पाडली. 'हार नको, रोप द्या' असं पत्रकच काढलं. पत्रकं वाचतच मी वाढले. आपलं पत्रक चुकेल हे मनातही येत नव्हतं. वर्षभरात माझाच सत्कार झाला आणि पांढऱ्या फुलाची, चकचकीत पानांची एक कुंडी घेऊन मी घरी आले.

आमच्याकडे पूर्वी मेंढरं होती. आता एक शेळी आणि मेंढरांमागं धावून म्हातारा झालेला कुत्रा, एवढंच उरलंय. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, कुंडी आधी शेळीपुढं धरली. तिनं हुंगून मान फिरवली.

"ही तोंड बी लावंना. कुत्र्यापासनं लांब ठेव," अप्पा म्हणाले.

"अप्पा, शेळीच्या तोंडानं शास्त्र चालत नसतंय."

"मग तुझ्या पत्रकानं चालतंय व्हय?"

मी चिडले. कुंडी मुद्दाम ओसरीवर, कुत्र्याच्या पोत्याशेजारी ठेवली. अंधश्रद्धेपुढं माघार कशाला घ्यायची?

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर पान अर्धं कुरतडलेलं, कुत्र्याच्या तोंडातून लाळेची धार, आणि तो पंजानं तोंड घासतोय. त्याचं तोंड पाण्यानं धुतलं आणि अप्पांनी गाडी काढली. मधे कुत्रा, मागं मी, माझ्या कडेवर कुंडी. चौकात एकानं हटकलं, "अप्पा, कुणाचा सत्कार करायलाव?"

"कुत्र्याचा!" अप्पा न थांबता ओरडले.

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "झाडाचं नाव काय?"

"भेट आलंय," मी म्हणाले.

"हे नाव न्हाई झालं."

पान उलटसुलट बघून तेच म्हणाले, "पीस लिली. तोंडाची आग होते, सूज येते. जीव सहसा जात न्हाई. सूज वाढली तर लगेच आणा. कण्हेर असती तर मी असा निवांत बोललो नसतो."

अप्पांनी मिशीवर हात फिरवला. "आमच्या शेळीला कळलं होतं, साहेब."

"शेळी मनुके बी आवडीनं खाते, अप्पा. कुत्र्याला घालून बघू नका, मूत्रपिंडं जातील. शेळीचं शेळीपाशी."

परतताना कुत्र्याचे कान वाऱ्यावर उडत होते. संध्याकाळी त्यानं दहीभात चाटूनपुसून खाल्ला, तेव्हा कुठं मी हसले.

पण माझ्या पत्रकामुळं आणखी कितीतरी घरांत बिननावाच्या कुंड्या गेल्या होत्या. डॉक्टरांकडून विषारी झाडांची यादी घेऊन अप्पांच्या गाडीवरून ती घरं पालथी घातली. एका दारात निरुपद्रवी जास्वंद निघाली, तिथं चहा प्यायलो. दुसरीकडं कुत्र्याला घातक असलेलं कलांचो निघालं आणि त्याखालीच कुत्र्याची दोन पिल्लं खेळत होती. ती कुंडी आम्ही तिथल्या तिथं उचलून गच्चीवर नेली.

रोपं भेट द्याच, हे माझं म्हणणं कायम आहे. फक्त कुंडीला एक चिठ्ठी बांधा: झाडाचं नाव, आणि कुत्र्याला ते चालतं की नाही. माहीत नसेल तर आधी गुरांच्या डॉक्टरांना विचारा, मगच ती कुंडी कुणाच्या हातात द्या.