चंद्रभागा पुढे की मागे?

तेलंगणातल्या आमच्या बेल्यात कुणाचं काही हातचं सुटलं की चंद्रभागेला हाक जाते. वासरू दावं तोडून गेलं, बोलवा चंद्रभागेला. आदिलाबादची बस हलली आणि कुणाची औषधाची पिशवी ओट्यावरच राहिली, दे चंद्रभागेच्या हातात. एकदा कापसाच्या गाडीवरची ताडपत्री वाऱ्याने उडाली आणि वावरामागून वावर ओलांडत थेट महाराष्ट्राकडे निघाली. चंद्रभागेने ती सरहद्दीच्या अलीकडेच गाठली, घडी घातली आणि डोक्यावर घेऊन परत आणून दिली. गाडीवाले दोघे तोवर सावलीत बिडी ओढत बसले होते. मला त्यांचा अजून राग आहे.

चंद्रभागा तेहतीस वर्षांची, दोन लेकरांची आई. ती आणि तिचा नवरा गोपाल कापूस-ज्वारी करतात. मी वृषाली, इथल्या सरकारी शाळेत मराठी माध्यमाला गणित शिकवते. कॉलेजात मी फुटबॉल खेळत होते. त्यामुळे इचोड्याच्या एका युवक मंडळाने महिला दिनाला बायकांची स्पर्धा जाहीर केली तेव्हा बेल्याची टीम उभी करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मीच गळा पुढे केला होता. जिंकणाऱ्या टीममधल्या प्रत्येकीला प्रेशर कुकर मिळणार होता, म्हणून बाया भराभर जमल्या. अडचण झाली ती प्रशिक्षकाची, कारण तो न बोलावता आला.

दौलतकाका म्हणजे गोपालचे चुलते. पैनगंगेपलीकडच्या शंकरपटात त्यांनी उभी हयात बैलजोड्या पळवल्या. शंकरपट म्हणजे सरळ आखलेल्या वाटेवरची बैलांची शर्यत. झेंडी हलली की जोडी सुटते, घड्याळ चालू होतं, आणि जी जोडी कमी वेळात पोचते तिच्या मालकाला चार दिवस जमिनीवर पाय ठेवावासा वाटत नाही. काकांना हा एवढाच खेळ येत होता, आणि जगातले बाकीचे सगळे खेळ याचेच भाऊबंद आहेत अशी त्यांची खात्री होती.

"शेवटी धावनंच हाये न, मॅडम?" ते म्हणाले. "मंग कायले काळजी करून राह्यल्या? मी हावो न."

त्यांनी शाळेच्या मैदानावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या, घड्याळ काढलं, लाल झेंडी काढली. पळण्याआधी सगळ्यांच्या टाचा तपासतो म्हणाले, ते मात्र मी होऊ दिलं नाही. झेंडी हलली. बाया पदर खोचून सुटल्या. चंद्रभागा पहिली आली हे सांगायलाच नको. पण ती रेघेपाशी थांबली नाही. मैदान संपलं तरी थांबली नाही. तिला थांबायला शाळेची भिंत लागली. काका घड्याळाकडे बघत नुसते मान हलवत राहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिथल्या तिथे टीम ठरली. जी सगळ्यात वेगवान ती सगळ्यात पुढे, तिच्याहून सावकाश ती तिच्या मागे, आणि असंच उतरत उतरत गोलपर्यंत. आशाबाईंना पळायचंच नव्हतं, म्हणून त्या गोलकीपर. चहाची टपरी चालवणाऱ्या रेणुकाबाई शेवटून पहिल्या आल्या. त्यांना काकांनी पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवलं.

सराव म्हणजे काय, तर रोज सकाळी झेंडी हलायची आणि सगळ्यांनी समोर बघून सुटायचं. चेंडू असायचा, नाही असं नाही. पण तो बहुतेक वेळा मागे एकटाच पडलेला असायचा.

चंद्रभागा मात्र हवेत होती. एकदा सराव संपल्यावर घाम पुसत ती मला म्हणाली, "मॅडम, आजवर मी जेवढी धावली न, तेवढी कोनाच्या ना कोनाच्या मांगंच धावली. कोनाचं वासरू, कोनाची पिशवी. धरून आनाचं अन् देऊन द्याचं. आता मले घेऊन पळाचं हाये. चेंडू माह्यापाशी अन् सारे मांगं. एक गोल मारू द्या मले. मले कुकर नाई भेटला तरी चालते."

मी हो म्हणाले. मला तेव्हा वाटत होतं की इतक्या वेगाच्या बाईला गोल काय अवघड आहे.

स्पर्धेच्या आधी सरावाचा सामना म्हणून आम्ही इचोड्याला गेलो. हायवेलगतचं मैदान, पलीकडे नागपूरचे ट्रक, अलीकडे ढाबा. तिथे जे घडलं ते फक्त आमच्या टीमलाच जमू शकतं. फुटबॉलमध्ये पुढची खेळाडू आपल्या बाईने चेंडू मारायच्या आधीच समोरच्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, तर ते चालत नाही. त्याला ऑफसाइड म्हणतात, आणि मग रेषेवरचा पंच झेंडी वर करतो. चंद्रभागा तर कायमच सगळ्यांच्या आधी पोचलेली. पंचाने झेंडी वर केली. आणि आमच्या बाया, ज्यांना काकांनी महिनाभर झेंडी दिसली की सुटायला शिकवलं होतं, त्या सुटल्या.

शिट्टी वाजत होती, चेंडू थांबला होता, आणि बेल्याच्या बाया जीव खाऊन पळत होत्या. रेफरी तेलुगू माणूस. तो बिचारा दोन्ही हात जोडून "आगंडि अम्मा, आगंडि!" म्हणजे थांबा बाई थांबा, असं ओरडत त्यांच्या मागे. पुन्हा ऑफसाइड, पुन्हा झेंडी, पुन्हा सगळ्या पसार. एकदा चंद्रभागा गोल ओलांडून ढाब्यापर्यंत गेली, तिथे पाणी पिऊन आली. पंच घाबरून झेंडी पाठीमागे धरू लागला. इचोड्याच्या बाया पोट धरून हसत होत्या, आणि हसता हसताच त्यांनी आमच्यावर चार गोल केले. ते चारही त्यांच्या सात नंबरच्या पोरीने केले, कारण आमच्या मागच्या सावकाश बायांना तिची सावलीसुद्धा सापडत नव्हती.

परतीच्या टेम्पोत मी आधी चिडले, मग मलाही हसू आवरेना. घरी गेल्यावर मात्र मी डोकं चालवलं. इचोड्याच्या बाया त्यांच्या गोलजवळ दाटीने उभ्या होत्या. त्या दाटीत चंद्रभागेला पळायला जागाच नव्हती. आणि तिला जागा लागते. ती भरलेल्या ट्रकसारखी हळूहळू सुटते, पण एकदा सुटली की मग कुणाच्या बापाला ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांची झेंडी कपाटात कुलूपबंद केली आणि नवीन परीक्षा घेतली. मी चेंडू जवळपासच टाकायचा आणि दोघींनी तो गाठायचा. चंद्रभागा आधी चेंडू कुठे जातो ते बघायची, मग पदर सावरायची, मग निघायची. तोवर रेणुकाबाई चेंडूवर पाय ठेवून उभ्या. पहिल्यांदा मला वाटलं योगायोग असेल. पण पुन्हा पुन्हा तेच.

"रेणुकाबाई, तुम्ही कशा पोचता हो?"

"अवो, आधीच निगतो न मी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "लांब नोका टाकू पन, हां. लांब टाकलं तं मी घरी जाईन."

म्हणजे वेग एक नव्हताच. जवळचा वेगळा आणि लांबचा वेगळा. मी ठरवून टाकलं. दाटीत रेणुकाबाई पुढे, आणि चंद्रभागा सगळ्यात मागे, आशाबाईंच्या समोर.

दौलतकाका तांबडे-लाल झाले. "तेज बैल मांगं बांधते का कोनी? लोक हासतीन!"

"काका, तुमच्या बैलांना चेंडू घेऊन जायचा नसतो!" मी ओरडले. शाळेतली पोरं खिडकीतून बघायला लागली.

काकांचं मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते चंद्रभागेचं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हंजे इथंबी मले कोनाच्या मांगंच धावाचं हाये." दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

मी तिच्या वावरात गेले. ती पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटत होती, आणि अशा उपटत होती की त्या पऱ्हाट्यांच्या जागी मीच असावी. गोपालने मला लांबूनच हाताने खूण केली, की सांभाळून.

"वहिनी," मी म्हणाले, "तुम्ही पुढे उभ्या राहिल्या की तुमच्यासमोर किती वावर उरतं? चार पावलांत गोल येतो, आणि तिथेही आठ बाया उभ्या. मागे उभं राहून बघा. अख्खं मैदान तुमच्यासमोर मोकळं."

"अन् ते सात नंबरची?"

"तिला अडवावंच लागेल. ते तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही."

"अन् गोल?"

मी खोटं बोलू शकले असते. "गोलचं मी सांगू शकत नाही," मी म्हणाले. "पण जागा मिळाली तर मी तुम्हाला थांबवणार नाही."

ती पुन्हा पऱ्हाट्यांकडे वळली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मैदानावर आली, फुगलेल्या गालांनी, आणि कुणाशीही न बोलता सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली.

महिला दिनाला इचोड्यात जत्रा लोटली. आमचा पहिला सामना आम्ही जिंकला, कारण रेणुकाबाई गर्दीत कुठूनशा उगवायच्या आणि चेंडू गोलमध्ये ढकलून पुन्हा कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. फायनलला समोर तेच इचोडा आणि तीच सात नंबर. ती चेंडू घेऊन सुटली की लोक ओरडायचे, "गेली, गेली!" मग आमची चंद्रभागा निघायची, आधी सावकाश, लोक हसायचे, मग हसणं थांबायचं, आणि गोलच्या अलीकडे चंद्रभागा तिच्या बाजूने जाऊन चेंडू बाहेर मारायची. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी चंद्रभागा रेषेबाहेर उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून विचारायची, "आता जाऊ?" मी म्हणायचे, "थांबा." तिच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं. गोल शून्य-शून्य, वेळ संपत आलेली, आणि बाई पुन्हा दुसऱ्यांच्याच मागे धावत होती.

शेवटी इचोड्याला कोपऱ्यावरून किक मिळाली आणि त्यांच्या झाडून सगळ्या बाया आमच्या गोलपाशी आल्या. चेंडू आला, आशाबाईंनी डोळे मिटून दोन्ही मुठींनी तो हाणला, आणि तो पडला चंद्रभागेच्या पुढ्यात. समोर अख्खं मैदान मोकळं. लांब त्यांची एकटी गोलकीपर.

"जा!" मी किंचाळले. "वहिनी, जा आता!"

तिने चेंडू लांब मारला आणि त्याच्यामागे सुटली. गाठला की पुन्हा लांब मारला, पुन्हा सुटली. सात नंबर तिच्या मागे पळत होती आणि दर पावलाला आणखी मागे पडत होती. रेषेबाहेरून दौलतकाका धोतर सावरत बरोबर पळत होते, "हाऽ माह्ये बाई, हाऽ!" गोलकीपर पुढे आली. चंद्रभागेने चेंडूला जेमतेम पाय लावला, तो गोलकीपरच्या बाजूने हळूच निसटला, आणि चंद्रभागा? तिला थांबता कुठे येतं! ती स्वतःच्याच चेंडूच्या पुढे निघून गेली. चेंडू तिनेच मारलेला, म्हणून या वेळी ऑफसाइडची झेंडीही वर गेली नाही.

गोलच्या खांबाला मिठी मारून ती थांबली. चेंडू मागून रमतगमत येत होता. त्याच्यामागे सात नंबर, तिच्यामागे आमच्या सगळ्या बाया. चंद्रभागा वळली, चेंडू येताना पाहिला, आणि खाली वाकून तिने दोन्ही हात पुढे केले. आयुष्यभराची सवय ती! सुटलेली वस्तू दिसली की उचलायची.

"हात नोको लावू!" अख्खं बेला ओरडलं. "पाय! पाय लाव!"

तिने हात झटकन मागे घेतले. चेंडू आला. तिने त्याला पायाने रेघेच्या आत घेतलं, अगदी सावकाश, लेकराला घरात घ्यावं तसं. शिट्टी वाजली. गोल!

आणि मग तिने तो उचलला. काखेत धरला आणि तिथेच जाळीत फतकल मारून बसली. खेळ पुन्हा सुरू करायला चेंडू मधल्या वर्तुळात न्यायचा असतो. रेफरी मैदानाच्या मध्यावर उभा राहून हात हलवत होता, "अम्मा, बॉल! बॉल लाव इधर!" बाकीच्या तिला सांगत होत्या, अगं दे, अगं वेळ जातो.  मला मात्र रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

"नाई," चंद्रभागा मोठ्याने म्हणाली. ती हसत होती, घामाने निथळत होती, आणि चेंडू तिने आणखी घट्ट धरला. "आनून देनार नाई. ज्याले पाह्यजे त्यानं इथं याचं."

रेफरीने एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मग तो तिच्या दिशेने पळायला लागला.